जोखणे आणि जोखीम : मक्त्याच्या उड्डाणांचा इतिहास आणि बीड जिल्हा

१

बीड जिल्ह्यात सरकारी रस्ता, पाझर तलाव अथवा शाळेची इमारत बांधावयास घेणाऱ्या इसमास ‘गुत्तेदार’ म्हणतात. पुण्या-मुंबईकडे त्यालाच ‘कंत्राटदार’ किंवा ‘ठेकेदार’ असे नाव आहे. ‘गुत्ता’ हा शब्द तेलुगू-कन्नड प्रदेशाशी असलेल्या जुन्या शेजारातून मराठवाड्यात रुळला. ‘कंत्राट’ पोर्तुगीजांच्या द्वारे पश्चिम किनाऱ्यावर आले. ‘मक्ता’ आणि ‘इजारा’ हे अरबी शब्द फार्सी दप्तरांतून मराठीत उतरले. एकाच व्यवहाराला इतकी नावे असणे, हा व्यवहार किती राजवटींतून चालत आला याचा पुरावा होय. तथापि या सर्व शब्दांत एक उणीव समान आहे. काम कोणी दिले आणि कोणी घेतले एवढेच ते सांगतात. काम करताना कोणाचा जीव धोक्यात येतो, याविषयी त्यांपैकी एकही शब्द काही बोलत नाही.

त्या गोष्टीसाठी मराठीत निराळा शब्द आहे, तो ‘जोखीम’. या शब्दाचे दोन अर्थ प्रचारात आहेत. एक अर्थ धोका. दुसरा, सांभाळून न्यावयाचा मौल्यवान ऐवज. प्रवासास निघालेल्या माणसाला “जवळ जोखीम आहे, वाटेत थांबू नका” असे घरची वडीलधारी माणसे सांगत, तेव्हा दुसरा अर्थ अभिप्रेत असे. या शब्दाच्या शेजारी ‘जोखणे’, म्हणजे तोलणे, हे क्रियापद उभे आहे. दोहोंची व्युत्पत्ती एकच मानावी असा येथे आग्रह नाही. परंतु व्यवहारात त्यांचा संबंध निकटचा आहे. जे नीट जोखलेले नसते, त्याची जोखीम कोणाच्या तरी माथी बसतेच.

सरकार जेव्हा एखादे धोक्याचे काम मक्त्याने देते, तेव्हा त्या कामाबरोबर धोक्याची जबाबदारीही मक्तेदाराकडे जाते काय, हा प्रश्न प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. याचे सर्वांत स्पष्ट उत्तर ज्या क्षेत्रात मिळते ते अमेरिकेतील वणवे विझविण्यासाठी भाड्याने घेतलेल्या हेलिकॉप्टरांचे क्षेत्र होय. कारण तेथे प्रत्येक वजनाची नोंद होते आणि अपघात झाल्यास चौकशीचा अहवाल जाहीर होतो. तो इतिहास बीड जिल्ह्याच्या अनुभवाशेजारी ठेवून पाहिला असता दोहोंवर प्रकाश पडतो.

२

बीडचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. पहिले सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले, त्यापूर्वी संस्थानातील जिल्ह्यांचा महसूल वसूल करण्याचे काम मक्त्याने दिले जात असे. मक्तेदाराने सरकारला ठरलेली रक्कम द्यावी आणि रयतेकडून जमेल तेवढी वसूल करावी, अशी ती रीत होती. पावसाने दगा दिला तरी सरकारची रक्कम कमी होत नसे. मक्तेदार आपली भरपाई रयतेकडून करून घेई. अवर्षणाची जोखीम अशा रीतीने सरकारकडून मक्तेदाराकडे व त्याच्याकडून शेतकऱ्याकडे उतरत जाई आणि ज्याच्या खाली आणखी कोणी नाही त्याच्यापाशी ती थांबे. सालारजंगांनी ही रीत मोडून पगारी अधिकारी नेमले व १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. सरकारने स्वतःची जबाबदारी परत स्वतःकडे घेतली, असा या सुधारणेचा अर्थ लावता येतो.

याच्या उलट उदाहरण व्यापारी जगातून घेता येईल. पश्चिम किनाऱ्यावरील सागरी व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार असे. जहाजावर चढविलेल्या मालावर ती काढली जाई आणि माल सुखरूप बंदरात पोहोचला तरच तिचे पैसे देय होत. जहाज बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडत. परंतु ही जोखीम त्याने जाणून-समजून पत्करलेली असे आणि तिची किंमत हुंडीच्या दरातच धरलेली असे. जोखीम दुसऱ्यावर सोपविणे हे स्वतः गैर नव्हे, हे या हुंडीवरून दिसते. घेणाऱ्याला ती ठाऊक असावी, तिचा मोबदला त्याला मिळावा आणि नको असल्यास हुंडी न घेण्याची मोकळीक त्याला असावी, एवढ्या अटी मात्र पुऱ्या व्हाव्या लागतात. महसुलाच्या मक्त्यात रयतेच्या बाबतीत यांपैकी एकही अट पुरी होत नव्हती.

३

बीड जिल्हा अरण्यांचा नव्हे. बालाघाटच्या रांगांवरील खुरटे, पानगळीचे रान आणि गवताळ माळ एवढेच त्याचे वनधन. पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे १९९४ पासून मोरांचे अभयारण्य आहे. उन्हाळ्यात या माळांना वणवा लागतो तेव्हा त्याच्याशी झुंज द्यावी लागते ती जमिनीवरून. आधी जाळरेषा काढून ठेवावयाच्या, आग लागल्यावर हिरव्या फांद्यांनी ती झोडपावयाची, अलीकडे हवेचा झोत सोडणारी यंत्रे घेऊन पालापाचोळा दूर करावयाचा, अशी ही पद्धत आहे. वनरक्षकांच्या जोडीला हंगामापुरते रोजाने लावलेले मजूर हे काम करतात. भारतात वणव्यावर आकाशातून पाणी टाकण्याचे ठळक प्रसंग उत्तराखंडात घडले. २०१६ साली हवाई दलाच्या एमआय-१७ जातीच्या हेलिकॉप्टरांनी भीमताल सरोवरातून मोठ्या बादल्यांनी पाणी उचलून जळत्या डोंगरांवर ओतले. ते वैमानिक सैन्याचे होते, मक्त्याचे नव्हते.

असे असले तरी मक्त्याचे उड्डाण बीडला अगदीच अपरिचित म्हणता येणार नाही. २००३, २०१५ आणि २०१९ या अवर्षणाच्या वर्षांत महाराष्ट्र शासनाने कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. त्यांसाठी खासगी कंपन्यांची विमाने व वैमानिक कराराने घेतले होते. त्या वेळच्या औरंगाबादेहून २०१५ व २०१९ साली उडालेली विमाने मराठवाड्यावरील ढगांत क्षारांची व चंदेरी आयोडाइडची बीजे पेरीत हिंडली. ज्या ढगांपासून इतर वैमानिक दूर राहतात त्यांच्याच जवळ जाणे हे या कामाचे स्वरूप. पाऊस किती पडला याची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. वैमानिकाने कोणत्या ढगापासून मागे फिरावे आणि तो निर्णय कोणी घ्यावा, याची चर्चा मात्र क्वचितच ऐकू आली.

हेलिकॉप्टरच्या बाबतीत हा निर्णय बव्हंशी वजनाचा असतो. यंत्र हवेत उचलले जाते ते फिरत्या पात्यांनी खाली लोटलेल्या हवेच्या जोरावर. हवा तापली की विरळ होते, उंचावर गेले की आणखी विरळ होते. आणि विरळ हवेत तीच पाती कमी भार उचलतात, इंजिनाची शक्तीही घटते. जमिनीलगत तरंगताना खाली दाबल्या गेलेल्या हवेचा थोडा आधार मिळतो. झाडांच्या शेंड्यांवर जाताच तो सुटतो. म्हणून उड्डाणापूर्वी वैमानिकाला एक हिशेब मांडावा लागतो. यंत्राचे रिकामे वजन, इंधन, माणसे व सामान यांची बेरीज एका बाजूस आणि त्या उंचीवर, त्या तापमानात यंत्राला झेपणारा भार दुसऱ्या बाजूस. दोहोंत पुरेसे अंतर राहिले तरच उडावयाचे.

मे महिन्याच्या मराठवाड्यात हे अंतर किती अरुंद होते, याची जाणीव बीडच्या शेजारच्या लातूर जिल्ह्याने २५ मे २०१७ रोजी करून दिली. त्या दिवशी निलंगा येथून उडालेले राज्य शासनाचे हेलिकॉप्टर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासह काही क्षणांत खाली आले व विजेच्या तारांत अडकून कोसळले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. ते यंत्र शासनाचे होते, भाड्याचे नव्हते. परंतु उन्हाने तापलेल्या हवेत यंत्राची उचलण्याची क्षमता किती उरते, हा प्रश्न त्या निमित्ताने सामान्य माणसाच्याही बोलण्यात आला.

४

अमेरिकेत वणव्यांवर हेलिकॉप्टरचा उपयोग दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४७ च्या सुमारास, कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत सुरू झाला. माणसे दुर्गम कड्यांवर उतरविणे, रसद पोहोचविणे आणि पुढे पाणी टाकणे ही कामे या यंत्राकडे आली. आग हंगामी असते, वर्षभर ताफा व वैमानिक पोसणे परवडत नाही, या विचाराने तेथील वन सेवेने बहुतेक विमाने व हेलिकॉप्टरे खासगी कंपन्यांकडून कराराने घेण्याचा मार्ग धरला. हे करार मुख्यतः दोन प्रकारचे झाले. पहिल्यात ठरावीक मुदतीसाठी यंत्र व वैमानिक वन सेवेसाठी राखून ठेवले जातात. तयार राहण्याचा रोजचा मोबदला निराळा आणि उड्डाणाच्या तासांचा निराळा. दुसऱ्यात गरज पडेल तेव्हा हाक मारून बोलाविले जाते.

या व्यवस्थेत कायद्याची एक फट राहून गेली. शासनाच्या कामावर असलेले विमान ‘सार्वजनिक विमान’ ठरते आणि त्याच्या उड्डाणावर नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेची देखरेख मर्यादित होते. नियामक म्हणे, हे वन सेवेचे काम. वन सेवा म्हणे, यंत्राची योग्यता पाहणे नियामकाचे व कंपनीचे काम. दोन देखरेखींच्या मधल्या जागेत कोणीच उभे नव्हते.

२००२ सालच्या उन्हाळ्यात या रिकाम्या जागेची किंमत कळली. १७ जून रोजी कॅलिफोर्नियातील वॉकर येथे आग विझविणाऱ्या सी-१३० ए विमानाचे पंख हवेतच तुटले व तिघे मरण पावले. एका महिन्याने, १८ जुलै रोजी, कोलोरॅडोतील एस्टेस पार्कजवळ महायुद्धाच्या काळातील एक विमान तशाच रीतीने मोडून पडले आणि दोघे दगावले. सैन्याने निकालात काढलेली ही जुनी यंत्रे पाण्याचे व रसायनांचे भार घेऊन वर्षानुवर्षे दऱ्याखोऱ्यांत उडत होती. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने एप्रिल २००४ मध्ये असा अभिप्राय दिला की, विमान कायद्याच्या कोणत्याही वर्गात मोडत असो, आगीच्या कामासाठी ते कराराने घेणाऱ्या सरकारी संस्थांवरच त्या उड्डाणांच्या सुरक्षिततेची अखेरची जबाबदारी आहे. पुढच्याच महिन्यात ३३ मोठ्या अग्निशामक विमानांचे करार रद्द करण्यात आले. काम मक्त्याने देता येते, जबाबदारी देता येत नाही, हे तत्त्व अशा रीतीने लेखी नमूद झाले.

५

तत्त्व लेखी नमूद होणे आणि ते व्यवहारात उतरणे यांत चार वर्षांचे अंतर पडले. ५ ऑगस्ट २००८ रोजी संध्याकाळी कॅलिफोर्नियाच्या शास्ता-ट्रिनिटी राष्ट्रीय अरण्यात, सुमारे ६,००० फूट उंचीवरील एका तात्पुरत्या तळावरून, दिवसभर आगीशी झगडलेल्या माणसांना खाली आणण्याचे काम चालू होते. कार्सन हेलिकॉप्टर्स या कंपनीचे सिकोर्स्की एस-६१ एन जातीचे हेलिकॉप्टर वन सेवेने कराराने घेतले होते. दोन खेपा पार पडल्या. इंधन भरून तिसऱ्या खेपेला ते निघाले तेव्हा त्यात १३ माणसे होती : दोन वैमानिक, वन सेवेचा एक निरीक्षक वैमानिक आणि १० अग्निशामक. यंत्र जमिनीवरून उठले, पुरेशी उंची त्याला मिळेना, ते झाडांवर आदळले, कोसळले व पेटले. नऊजण मरण पावले. त्यांत मुख्य वैमानिक, निरीक्षक आणि सात अग्निशामक होते. हे सात अग्निशामकही एका खासगी कंपनीच्या करारावर कामास आलेले होते. मक्त्याच्या यंत्रात मक्त्याची माणसे बसली होती.

वैमानिकांनी हिशेब मांडला नव्हता असे नाही. हिशेब मांडला होता आणि त्याप्रमाणे भार झेपण्यासारखा होता. सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०१० मध्ये जो निष्कर्ष मान्य केला, त्यातून खरा प्रकार उघड झाला. कंपनीने यंत्राचे रिकामे वजन हेतुपुरस्सर कमी दाखविले होते. ही तफावत चौदाशे पौंडांच्या, म्हणजे साडेसहाशे किलोंच्या घरात होती. शिवाय, केवळ आणीबाणीत अडीच मिनिटांपुरती वापरावयाची इंजिनाची शक्ती दाखविणारा आलेख नेहमीच्या उड्डाणशक्तीचा आलेख म्हणून कागदपत्रांत घातला होता. खोट्या आकड्यांवर वैमानिकांनी प्रामाणिकपणे बेरीज केली. बेरीज बरोबर होती. फक्त ती दुसऱ्याच कुठल्या तरी, प्रत्यक्षात नसलेल्या, हलक्या यंत्राची होती.

आकडे खोटे का केले गेले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. अशा करारासाठी निविदा भरताना ठरावीक उंचीवर व ठरावीक तापमानात यंत्र किती भार उचलू शकते, हे सिद्ध करावे लागते. रिकामे यंत्र जितके हलके, तितका उचलता येणारा भार अधिक आणि तितकी करार मिळण्याची शक्यता अधिक. म्हणजे ज्याला वजन कमी दिसण्यात लाभ होता, त्याच्याच हाती काटा दिलेला होता. वन सेवेने त्याने दिलेला कागद प्रमाण मानला. अपघातानंतर वजनांची फेरतपासणी झाली, इतर यंत्रांच्या नोंदींतही तफावत आढळली आणि करार संपुष्टात आणण्यात आला. कंपनीच्या एका माजी उपाध्यक्षास २०१५ साली बारा वर्षे सात महिने कारावासाची शिक्षा झाली. देखभाल विभागाच्या माजी प्रमुखासही कारावास भोगावा लागला.

तथापि मंडळाने दोष केवळ कंपनीच्या पदरी घातला नाही. वन सेवा आणि नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था या दोहोंची देखरेख अपुरी होती, हेही अपघाताच्या कारणांतच गणले. आणखी एक गोष्ट सहायक कारण म्हणून नोंदविली. त्याच तळावरून झालेल्या आधीच्या दोन उड्डाणांत यंत्र आपल्या शक्तीच्या मर्यादेपर्यंत पोहोचले होते. ती सूचना वैमानिकांनी गंभीरपणे घेतली नाही. यंत्र खरे बोलत होते आणि कागद खोटे बोलत होता. अशा वेळी माणसाने कागदावर विश्वास ठेवला. मंडळाने वन सेवेस ज्या शिफारशी केल्या त्यांत, हिशेबाने अपेक्षिलेली शक्ती आणि प्रत्यक्षात मिळणारी शक्ती यांचा मेळ घालून पाहण्याची पद्धत बसवावी आणि कंपन्या करारातील अटी पाळतात की नाही याची विश्वसनीय देखरेख ठेवावी, या दोन प्रमुख होत.

६

येथून बीडकडे वळले असता हेलिकॉप्टर दिसत नाही, काटा मात्र दिसतो. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले आणि पुढील दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग उभी राहिली. त्यांना ऊस तोडणारे हात बालाघाटच्या कोरडवाहू पट्ट्याने पुरविले. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातील कुटुंबे बैलगाड्या, ट्रक वा ट्रॅक्टर यांतून निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांची गणना एका हत्याराच्या नावाने होते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. कारखान्याचा करार मुकादमाशी, मुकादमाचा बोलीचा व्यवहार कोयत्याशी. हंगामापूर्वी मजुराला जी आगाऊ रक्कम मिळते तिला ‘उचल’ म्हणतात. ती फेडावयाची असते तोडलेल्या उसाच्या टनांनी, आणि ते टन मोजले जातात कारखान्याच्या वजनकाट्यावर. जो वजनावर पैसे देतो त्याच्याच दारात काटा असतो. ‘काटामारी’ हा शब्द ऊस पट्ट्यात याच स्थितीतून रुजला व शेतकरी संघटनांनी तिच्याविरुद्ध वेळोवेळी आंदोलनेही केली. शेतकऱ्याचा ऊस कमी भरला तर त्याचा दाम बुडतो, हे सर्वांना कळते. त्याच काट्यावर तोडणाऱ्याची मजुरीही ठरते, हे सहसा बोलले जात नाही.

हेलिकॉप्टरचा वैमानिक आणि उसाच्या फडातील मजूर यांची तुलना काहींना ओढूनताणून केलेली वाटेल. एकाजवळ परवाना आहे, शिक्षण आहे, बरा मोबदला आहे, दुसऱ्याजवळ कोयता. परंतु दोघांचे काम हंगामी आहे, दोघेही मधल्या माणसाच्या द्वारे नेमले जातात, आणि दोघांच्याही कामाची मर्यादा ठरविणारा आकडा दुसऱ्याने लिहिलेला असतो. भेद पडतो तो पुढच्या गोष्टीत.

अमेरिकेतील अग्निशामकांजवळ ‘इन्सिडेंट रिस्पॉन्स पॉकेट गाइड’ नावाची खिशात मावणारी पुस्तिका असते. तीत जोखीम नाकारण्याची रीतसर पद्धत दिलेली आहे. सांगितलेले काम असुरक्षित वाटल्यास ते कारणासह नाकारावे. आणि तेच काम दुसऱ्या तुकडीस द्यावयाचे झाल्यास, ते आधी नाकारले गेले होते व कशासाठी, हे त्या तुकडीला सांगावे. या दुसऱ्या कलमाचे महत्त्व मोठे आहे. नकार देणारा एकटा पडू नये आणि त्याच्या जागी येणाऱ्याने डोळे मिटून जाऊ नये, अशी ही योजना आहे. तिला करारातील मोबदल्याच्या रचनेचा आधार मिळतो. ज्या वैमानिकाच्या कंपनीला यंत्र तयार ठेवण्याचेही पैसे मिळतात, त्याला “आज हवा तापली आहे, चार माणसे कमी नेऊ” असे म्हणणे त्यातल्या त्यात सोपे जाते. उड्डाणाच्या तासाशिवाय दुसरे उत्पन्नच नसते, तर प्रत्येक नकार तोट्याचा झाला असता. १९४७ पासूनच्या या इतिहासात अपघात पुष्कळ झाले आहेत आणि ही रचना निर्दोष नाही. पण नकाराला काही किंमत द्यावी लागते आणि ती कामगाराने एकट्याने देऊ नये, एवढे तिने ओळखले आहे.

उसाच्या फडात नकाराची किंमत मजुराच्याच माथी असते. काम एक दिवस चुकले तर ‘खाडा’ पडतो आणि त्याबद्दल दंड कापला जातो. अंगावर उचल असल्यामुळे मधेच निघून जाणे शक्य नसते. ताप असो, रात्रीची गाडी भरावयाची असो, विंचू-सापाचे भय असो, कोयता चालू राहतो. बायकांच्या बाबतीत या व्यवस्थेचा परिणाम किती खोल जातो, हे २०१९ साली उघड झाले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांविषयी तक्रारी आल्यावर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली; त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. पाण्याची व शौचाची सोय नसलेले तळ, आजार अंगावर काढण्याची सक्ती आणि दुखण्यामुळे पडणारे खाडे यांचा संबंध त्या वेळी चर्चेत ठळकपणे आला. हेलिकॉप्टर कोसळले की एका संध्याकाळी नऊ माणसे मरतात आणि चौकशी बसते. येथे अपघात एका क्षणात घडत नाही. तो हंगामामागून हंगाम, एकेका देहात घडतो, आणि म्हणून त्याची नोंद व्हावयास इतकी वर्षे लागली.

७

भारतीय कायद्यालाही मुख्य तत्त्व अपरिचित नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ नियोक्त्यावर असे बंधन घातले की, कंत्राटदाराने मजुरी वा आवश्यक सोयी दिल्या नाहीत तर त्या मूळ नियोक्त्याने द्याव्यात व खर्च कंत्राटदाराकडून वसूल करावा. हा कायदा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीच्या संहितेत सामावला गेला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. वॉकर व एस्टेस पार्क येथील अपघातांनंतर अमेरिकेत जे म्हटले गेले, त्याच्याशी या तरतुदीचा आशय जुळतो. मात्र कोयता आणि कारखाना यांच्या मधे मुकादम उभा असल्यामुळे मूळ नियोक्ता कोण, हाच वाद पुढे केला जातो आणि दोन देखरेखींमधली ती रिकामी जागा येथेही उरते. ‘मुकादम’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘पुढे केलेला’ असा आहे. या व्यवस्थेत त्याला खरोखरच पुढे केले जाते, म्हणजे त्याच्या मागे कोण आहे ते दिसू नये.

वरील इतिहासावरून धोक्याच्या कोणत्याही मक्त्याकडे पाहताना तीन प्रश्न विचारावेत असे निष्पन्न होते. पहिला, काटा कोणाच्या हाती आहे? ज्याला खोट्या वजनात लाभ आहे त्याने दिलेला आकडा, मग तो यंत्राचा असो वा उसाचा, तिऱ्हाइताने पुन्हा जोखल्यावाचून प्रमाण मानू नये. दुसरा, नकार दिल्यास नुकसान कोणाचे होते? तयार राहण्याचाही मोबदला असेल तर नकार शक्य होतो; उचल आणि खाडा यांच्या कात्रीत तो अशक्य होतो. तिसरा, काम देणाऱ्याने आपल्याकडे काय राखून ठेवले आहे? त्याने केवळ पावती राखली असेल आणि देखरेख सोडून दिली असेल, तर सालारजंगपूर्व मक्त्याहून ती व्यवस्था फारशी निराळी नाही.

पुढेमागे महाराष्ट्राच्या एखाद्या डोंगरावरील वणव्यासाठी खासगी हेलिकॉप्टर बोलावण्याचा प्रसंग आला, किंवा अवर्षणात ढगांच्या शोधासाठी पुन्हा विमाने भाड्याने घेतली गेली, तर करारपत्रात दर, तास आणि मुदत यांची कलमे येतीलच. त्यांबरोबर दोन साधी वाक्ये असावीत : यंत्राचे वजन काम देणारा स्वतः करील, आणि वैमानिकाने दिलेला नकार दंडास पात्र ठरणार नाही. हीच दोन वाक्ये ऊसतोडीच्या करारात आज घालता येण्यासारखी आहेत. कोयत्याची मजुरी तिऱ्हाइताच्या काट्यावर ठरावी आणि आजारी बाईचा खाडा धरू नये, एवढाच त्यांचा बीडच्या बोलीतील अर्थ होईल.